घेण्यास नकार

२५ मार्च

ताई,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकणार असशील तर खुशाल टाक, पण आधी एवढी ओळ वाच. मी राजीनामा दिलाय. येतेय. कायमची.

आता खाली बस आणि पुढचं वाच.

तुझी चिठ्ठी मिळाली. 'नऊ जूनला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत रुजू व्हायचं आहे. आईला एकटं ठेवता येत नाही. तू येणार नसशील तर तसं कळव, मी त्यांना नाही म्हणते.' ना 'प्रिय', ना 'कशी आहेस'. तीन वर्षांनी सख्ख्या बहिणीला लिहायचं ते असं? विजेच्या बिलावरसुद्धा याहून जास्त माया असते गं! पण वाचलं आणि भट्टीसमोर उभी असून माझे हात गार पडले. 'मी त्यांना नाही म्हणते' हे तू किती सहज लिहिलंस. नाही म्हणायची तुझी तयारी आधीच झाली होती.

तर नाही म्हणायचं नाही. आईच्या खुब्याचं हाड मोडल्यापासून तू तिच्या उशाशी बसून टपालाने शिकलीस, हातांची ती भाषा आरशासमोर बसून घोटलीस, परीक्षा दिलीस. हे मला शेजारच्या शिंपीणकाकूंकडून कळलं, तुझ्याकडून नाही. असो.

माझ्या नेमणुकीच्या कागदात दोन महिन्यांची नोटीस आहे. म्हणजे मे संपायच्या आत मी तुझ्या दारात. सामान बांधायला आणि माझ्याशी भांडायला तुला चांगले दोन आठवडे मिळतील. इथली काळजी करू नकोस. मॅनेजर बरा माणूस आहे.

आणि मागच्या खेपेला तू चारचौघांत मला 'पाहुणी' म्हणालीस, ते मी विसरलेले नाही. ते समोरासमोर बोलू.

तुझी धाकटी


९ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुझीच बहीण आहे, लिहीत राहीन.

आधी एक दुरुस्ती करते. राजीनामा दिलाय असं मी ठोकून दिलं होतं. तेव्हा तो नुसता लिहून डब्याच्या पिशवीत ठेवला होता. दिला असता, पण घ्यायला कोणी हात पुढे करेना.

लगेच कपाळाला हात लावू नकोस, नीट सांगते. माझं काम काय, ते आपल्या घरात कधी कोणाला कळलंच नाही. आई अजून लोकांना 'ती कसल्याशा गिरणीत आहे' म्हणून सांगते. हा रंगखाना आहे. कापडाचे तागे मोठमोठ्या हौदांत रंगवतात, हौद वाफेवर तापतात आणि ती वाफ करणारा बॉयलर मी सांभाळते. खोलीएवढा लोखंडी हंडा समज. पोटात पाणी, खाली कोळशाची भट्टी. पाणी उतरलं आणि लक्ष नसलं तर हंडा फुटतो, आणि फुटला की भिंतीसकट माणसं जातात. म्हणून त्याच्यापाशी परीक्षा पास झालेलं माणूस सतत लागतं. आम्ही दोघंच आहोत. सकाळी मी, दुपारनंतर माझे जोडीदार, त्यांना सगळे काका म्हणतात. रात्री रंगखाना बंद, तेव्हा काका आग दाबून ठेवतात आणि तिथेच खाट टाकतात. पूर्वी तिसरा होता. तो गेला तेव्हा मालक म्हणाले, 'दोघांत भागतंय की!' आणि त्याची जागा भरलीच नाही.

तर मॅनेजर. त्याला आम्ही हो-हो म्हणतो. कोणी काही सांगितलं की 'हो हो, बघू.' मी कागद पुढे केला, तर पठ्ठ्याने दोन्ही हात टेबलाखाली घातले. आईशप्पथ! 'हो हो, पण मालकांना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही.' मालक बाहेरगावी. आले तर बैठकीत. बैठक संपली तर जेवायला. माझा कागद पिशवीतच फिरत राहिला, त्याला तेलाचा डाग पडला, मी दुसरा लिहिला.

शेवटी मालकांना जिन्यात गाठलं. त्यांनी कागदाची घडीसुद्धा उलगडली नाही. हसले आणि माझ्याच पिशवीत परत सरकवला. "बॉयलरबाई, तुझ्यासारखी माणसं राजीनामा देत नसतात. घरी काही बिनसलंय का? चार दिवस रजा घे, ताजीतवानी होऊन ये."

आणि मी, तुझी तोंडाळ धाकटी, काय म्हणाले असेन? 'बरं' म्हणाले. जिना उतरून खाली आले आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मग कामगार कार्यालयात गेले. खिडकीत एक बाई बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. माझी सगळी रडकथा ऐकून म्हणाल्या, "त्यांच्या होकाराची वाट कशाला बघताय? लग्नाची मागणी घातलीय का? नोटीस पोचवणं तुमचं काम. गोड मानून घेणं न घेणं त्यांचं. रजिस्टर पोस्टाने पाठवा. नाही घेतली तर पोस्टमन तसा शेरा मारून परत आणेल, तीही पोचल्यातच जमा. त्या तारखेपासून मोजा."

सहाला पाठवली, सातला परत आली. पाकिटावर पोस्टमनने लिहिलंय, 'घेण्यास नकार'. त्याच्या हातून ते परत घेताना माझं तोंड उतरलं आणि मग मी जिन्यात एकटीच हसत सुटले. दाराशी आलेली माझी नोटीस त्यांनी नाकारली, आणि नाकारली म्हणूनच ती पोचली!

पण यात तुला कबूल केलेले दोन आठवडे मी घालवले. आता माझा शेवटचा दिवस सात जून. दुपारी पाळी संपली की संध्याकाळची गाडी, आठला सकाळी तुझ्या दारात. तुझी गाडी आठला रात्री. आपल्या हातात मधला एक दिवस आहे. पुरेल, ताई. पुरवू.

तुझी धाकटी


६ मे

ताई,

तुझं कार्ड आलं. चार ओळी का होईना, तुझ्या हातच्या. पण त्या वाचून आनंद व्हायच्या ऐवजी टाळकं फिरलं.

'आईला सांगितलं. दोन दिवस जेवली नाही. डॉक्टर येऊन गेले. शाळेला अजून होकार कळवलेला नाही.'

डॉक्टर काय म्हणाले, ते का नाही लिहिलंस? मी सांगते काय म्हणाले असतील. म्हाताऱ्या ठणठणीत आहेत, जेवायला घाला. बरोबर ना? माझ्यासमोर असतीस तर तुझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं असतं. होकार कळव! आजच्या आज!

इथलं ऐक. मालकांचं गोड बोलणं संपलं. आता रुसवा चालू आहे. समोरून गेले तर माझ्याकडे न बघता भिंतीला सांगतात, "माणसाने माणसासाठी कितीही करावं, शेवटी तोंडाला पानंच पुसतात." मला परीक्षेला त्यांनीच बसवलं, हे आता हौद घासणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना पाठ झालंय. आणि ते खोटं नाही, तीच तर पंचाईत आहे. मी इथे कोळशाच्या पाट्या टाकायला लागले होते. त्यांनी विचारलं, वाचता येतं ना, मग परीक्षा दे. फी त्यांनी भरली. ती मी कशी विसरेन? पण ताई, उपकार केले म्हणजे काय जन्माची वेठ लावली का?

माझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही. जाहिरातसुद्धा नाही. मी हो-होला विचारायला गेले, तर तो म्हणाला, "हो हो, पण तुमचा राजीनामा आमच्या दप्तरात कुठे आहे?" मी परत आलेलं पाकीट दाखवलं. त्याने ते एकदाही हातात न घेता नुसतं वाकून बघितलं, मग खुर्चीत मागे रेलला. "बाई, समजा नोटीस पोचली. पण चार्ज घ्यायला माणूसच नसेल तर जाल कशा? चालू बॉयलर सोडता येत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना शिकवता ना?"

तेव्हा कुठे त्यांचा डाव माझ्या टाळक्यात शिरला.

तुला सांगायला हवं. आमच्यात पाळी बदलायची एक रीत आहे. पाण्याची पातळी दाखवणारी एक काचेची उभी नळी असते. येणारा आणि जाणारा, दोघांनी तिच्यासमोर उभं राहायचं. तिचा कॉक, म्हणजे तळाची तोटी, उघडून पाणी एकदा खाली सोडायचं आणि ते परत नीट वर चढतं ना ते दोघांनी डोळ्यांनी बघायचं. मग जाणारा म्हणतो 'दिला', येणारा म्हणतो 'घेतला'. 'घेतला' ऐकल्याशिवाय जाणाऱ्याने दाराबाहेर पाय ठेवायचा नाही. बाहेर काहीही होवो. काकांची बायको दवाखान्यात होती त्या दिवशीसुद्धा मी येईपर्यंत ते नळीसमोर उभे होते. आमच्या धंद्यात पळून गेलेल्या माणसाला कोणी दारात उभं करत नाही, आणि त्याचं सर्टिफिकेटही जातं.

मालकांना हे पक्कं माहीत आहे. त्यांना मला अडवायची गरजच नाही. माझ्यासमोर कोणाला उभं केलं नाही, की झालं. मी आपल्याच रीतीने आपोआप बांधलेली.

मी गेले तर दोन्ही पाळ्या काकांच्या गळ्यात. 'घेतला' ते हल्ली जरा हळू म्हणतात.

तू होकार कळव. माझं मी बघते.

धाकटी


२२ मे

ताई,

या पत्रात मी आधी बोलणी खायचं काम करते, मग तुला सुनावते.

मागच्या आठवड्यात मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. रुसवा गेलेला, डोळे ओले. म्हणाले, "पंधरा दिवस जास्त थांब. फक्त पंधरा. माणूस मिळाला की मी स्वतः तुला गाडीत बसवून देतो." मला तुझी नऊ तारीख माहीत होती. लख्ख माहीत होती. तरी मी म्हणाले, "बघते." आणि हे तुला लिहायचं टाळलं. चार दिवस मनात हिशेब घालत होते, की ताईने शाळेकडून थोडी मुदत मागितली तर, शिंपीणकाकू रात्रीच्या झोपायला आल्या तर. स्वतःची इतकी चीड यापूर्वी कधी आली नव्हती.

मग तुझं कार्ड आलं. 'आई म्हणते, आधी धाकटी येऊन महिनाभर राहू दे, मला तिची सवय होऊ दे, मग तू जा. मला पटतंय. शाळेला पुढच्या वर्षीचं विचारते.'

ते कार्ड मी उभ्याउभ्या तीनदा वाचलं. एक महिना. पंधरा दिवस. फक्त सवय होऊ दे. फक्त माणूस मिळू दे. अगं, आपली आई आणि माझा मालक एकाच शाळेत शिकले की काय? आधी गोड बोलायचं, म्हणजे 'तुझ्यासारखी मुलगी नशिबाने मिळते.' मग रुसायचं, मग आजारी पडायचं. आणि काहीच चाललं नाही की मुदत मागायची. मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून. आई वाईट आहे असं मी म्हणत नाही. मालकही वाईट नाहीत. दोघांना भीती वाटते, एवढंच. पण त्यांची भीती संपेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर तू पन्नाशीची होशील आणि मी त्या भट्टीसमोर मरेन.

मी तशीच केबिनमध्ये गेले. दार न वाजवता. म्हटलं, "मालक, मी 'बघते' म्हणाले होते. बघितलं. जमणार नाही. सात जूनची दुपार हा माझा शेवटचा दिवस." ते चिडले. ताई, मी त्यांना तेवढं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "चालू बॉयलर टाकून गेलीस तर तुझं सर्टिफिकेट रद्द करायला लावीन. मग तुझ्या गावात काय भांडी घासणार?" बाहेर येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडले, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

माझं काय पणाला लागलंय, ते तुला ठाऊक असू दे. तुमच्याजवळच्या दूध डेअरीत बॉयलरवर अर्ध्या दिवसाची जागा आहे. तिथे मी शब्द टाकून ठेवलाय. ते सर्टिफिकेट नसेल तर ती जागा नाही, आणि जागा नसेल तर आईला घेऊन आम्ही दोघी खाणार काय?

तरी मी येतेय. आता तुझी पाळी. आईने 'जा' म्हणायची वाट बघू नकोस. ती म्हणणार नाही. कधीच नाही. तिला सांगून झालंय ना? मग नोटीस पोचली. शाळेला आज फोन कर आणि ते 'पुढच्या वर्षीचं' खोडून टाक.

शिव्या द्यायच्या असतील तर आल्यावर दे.

धाकटी


७ जून, संध्याकाळ

ताई,

मी गाडीच्या स्टँडवर बाकावर बसून हे लिहितेय. टपालात टाकणार नाही, तुझ्या हातात देईन. तोंडाने सांगायला गेले की आपलं भांडण होतं, आणि उद्या भांडायला वेळ नाही. संध्याकाळची गाडी गेली. पहाटेची पहिली मिळेल, ती उद्या संध्याकाळी पोचते. म्हणजे हातात होता तो एक दिवससुद्धा गेला. तुला फोन केला, तू उचलला नाहीस. मग शिंपीणकाकूंना केला. म्हटलं, तिला सांगा, चपला घालून दारात उभी राहा, मी येतेय, आणि मी दिसत नाही म्हणून गाडी सोडलीस तर याद राख. काकू म्हणाल्या, "तिने पेटी बांधलीय गं."

दुपारी काका आले नाहीत.

पाळी संपल्याचा भोंगा झाला. मी नळीसमोर उभी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काका उशीर करणारे नाहीत. मग दारात हो-हो उगवला, हात खिशात. "हो हो, ते रजेवर आहेत. मालकांनीच दिली. तुम्हाला थांबावं लागेल आता." आणि हसला. ते हसू बघितलं आणि, ताई, माझी भीती कुठच्या कुठे गेली. नुसता संताप आला, आणि संतापात डोकं एकदम साफ झालं.

चालू बॉयलर सोडून जाता येत नाही. बरोबर. शंभर टक्के बरोबर. पण तो चालूच कशाला असायला हवा?

ही साधी गोष्ट इतक्या दिवसांत कोणाच्याच डोक्यात आली नव्हती, माझ्यासुद्धा. आमचा बॉयलर वर्षातून एकदा तपासणीला बंद होतो, एरवी त्याची आग कधी पूर्ण विझत नाही. तो आहेच, सूर्य असतो तसा. तो बंद करता येतो हेच सगळे विसरलेले. मालकांनी सगळा डाव त्या चालू बॉयलरवर मांडला होता.

मी आधी रंगमास्तरांकडे गेले. त्यांना विचारलं, हौदात काय आहे? म्हणाले, निळे तागे आहेत, अर्ध्यावर. मधेच वाफ गेली तर रंग डागाळतो आणि पगार त्यांच्या माणसांचा कापला जातो. म्हटलं, ते होईपर्यंत वाफ देते. पुढचा माल भिजवू नका. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हौदाकडे, आणि आपल्या माणसांना ओरडले, "पुढचे तागे राहू द्या रे, आधी निळे उरका!" बाकी एक शब्द विचारला नाही.

मी कोळसा टाकणं थांबवलं. आग आपली आपण उतरू दिली. पाणी भरत राहिले. निळे तागे निघाले तशी वाफेची मोठी झडप बंद केली. निखारे ओढून बाहेर काढले, विझवले. वाफेच्या दाबाचा काटा इतका हळू उतरतो म्हणून सांगू! हो-हो दोनदा येऊन गेला, दुसऱ्या खेपेला त्याने काट्याकडे बघितलं आणि तो धावत सुटला. मालकांची गाडी आली तेव्हा काटा तळाला टेकत होता.

"कोणाला विचारून बंद केलास?" ते दारातूनच ओरडले. अख्खा रंगखाना गोळा झाला होता.

मी म्हटलं, "पाळी संपलेली, पुढचा माणूस नाही. अशा वेळी बॉयलर बंद करायचा, हे परीक्षेत लिहूनच मी पास झाले. तुम्हीच बसवलं होतंत."

"तुझं सर्टिफिकेट..."

"चालू बॉयलर टाकून गेले तर जाईल, मालक. हा चालू आहे का? काटा बघा. हात लावून बघा भट्टीच्या दाराला."

ते पुढे आले. काट्यासमोर उभे राहिले. मग कोळशाच्या कठड्यावर बसले, पांढऱ्या पँटसकट. मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले. म्हणाले, "उद्या कोण पेटवणार?" आवाजात राग नव्हता. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडावर आलं होतं, की मी पेटवून जाते, एक दिवसाने काय होतं. अगदी ओठांवर आलं होतं. मी दात घट्ट मिटून घेतले आणि तुझी ती पेटी डोळ्यांसमोर आणली. मग म्हटलं, "काकांना रजेवरून बोलवा. आणि त्यांना जोडीला माणूस द्या." वरचा हवेचा कॉक उघडला, पाणी शेवटचं बघितलं, भिंतीवरची माझ्या सर्टिफिकेटची फ्रेम काढून काखेत घातली आणि निघाले. कोणी अडवलं नाही.

फाटकाबाहेर सायकलच्या दुकानापाशी काका उभे होते. दुपारपासून तिथेच होते म्हणे. "आज पाळीला आलास तर पुन्हा कधी येऊ नकोस, असं मालकांनी सांगितलं होतं पोरी. घरी बसवेना. चिमणीचा धूर थांबला तेव्हा कळलं तू काय केलंस." मान वर करून बघत नव्हते. मी रागावले नाही, त्यांच्या घरी खाणारी पाच तोंडं आहेत. त्यांनी माझी पिशवी स्टँडपर्यंत आणून दिली.

कागद मांडीवर ठेवून लिहितेय. अक्षर बघतेयस ना?

धाकटी


१९ जून

ताई,

तुझं पत्र मिळालं. चांगली तीन पानं! मी ती दोनदा वाचली आणि आईला एकदा वाचून दाखवली. त्या छोट्या मुलीने तुला हाताने नवीन नाव दिलं, गालाला बोट लावून, ते आईला तीनदा करून दाखवावं लागलं. बघून म्हणाली, "हिच्या गालावर कुठे काय आहे?" आणि तोंड फिरवलं. पण तिसऱ्यांदा मी आपणहून दाखवलं नाही, तिने विचारलं होतं.

त्या संध्याकाळी दारात आपण काहीच बोललो नाही. तू औषधांचं कपाट दाखवलंस, आईला कुठल्या कुशीवर वळवायचं ते दाखवलंस, आणि रिक्षा आली. सगळं भांडण तसंच राहिलं. राहू दे, सुट्टीत ये आणि मन भरून भांड.

काकांचा फोन होता. नवीन माणूस मिळाला. दोन महिने जगात कुठे सापडत नव्हता, तो चौथ्या दिवशी सापडला. नोकरीतून सुटल्याचा कागद मात्र मालकांनी अजून दिलेला नाही. कामगार कार्यालयातल्या त्या बाई त्यांच्या मागे लागल्यात. डेअरीवाल्यांनी माझं परत आलेलं पाकीट बघितलं, फ्रेममधलं सर्टिफिकेट बघितलं आणि सोमवारपासून ये म्हणाले. सकाळी मी तिकडे, तेवढा वेळ शिंपीणकाकू इकडे मशीन घेऊन बसतील.

आता आईचं. तू विचारलंस, खरं सांग म्हणालीस, म्हणून सांगते. पहिले चार दिवस वाईट गेले. माझ्या हातचं घेईना. चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटून भिंतीकडे बघायची. 'थोरलीला बोलव.' दिवसातून वीस वेळा. मी घाबरले होते, ताई. बॉयलर फुटायला आला तरी एवढी घाबरले नसते. तुला फोन करायला दोनदा उठले आणि दोनदा परत बसले. डॉक्टर आले, नाडी बघितली, मला बाहेर नेऊन म्हणाले, "पाणी पितात ना? मग थांबा." थांबले. ताट तिच्याजवळ ठेवायचं आणि मी आत जाऊन कपडे धुवायचे, असं चालू केलं. अजून मी समोर असले की ती घासाला हात लावत नाही.

तू गेल्याचं तिने अजून मान्य केलेलं नाही. करणारही नाही. ते तू डोक्यातून काढ.

आत्ता मी हे लिहितेय तेव्हा ती खाटेवरून विचारतेय, कोणाला लिहितेस. तुला म्हटल्यावर म्हणाली, "मग तिला लिही, आई जेवत नाही म्हणून. अगदी असंच लिही."

तिने सांगितलं तसं लिहिलं. ताट मी आत्ताच उचलून मोरीत ठेवलंय. त्यात शितसुद्धा उरलेलं नव्हतं, हे मात्र मी माझं लिहितेय.

तुझी धाकटी